निकालानंतरचे बारा महिने

बँकेच्या सेवेत असताना मी एका तालुक्याच्या गावी शाखाधिकारी होतो. तेथील बाजारपेठेतले एक कापड व्यापारी एके दिवशी मुलाच्या दवाखान्यासाठी कर्जाचा अर्ज घेऊन आले. आमचे जुने खातेदार, व्यवहाराला चोख. मुलगा एम.बी.बी.एस.ची अंतिम परीक्षा उत्तीर्ण होऊन जेमतेम महिना झाला होता. पण गाळा भाड्याने घेतलेला, बाके आणि तपासणीचे टेबल बनवून झालेले, आणि मुलाच्या नावाची पाटीसुद्धा रंगवून तयार. अर्जाला वैद्यक परिषदेचे नोंदणीपत्र जोडले होते. ती नोंदणी तात्पुरती आहे, याकडे घरात कोणाचेच लक्ष गेले नव्हते.

अर्ज परत करताना मी कारण सांगितले. ते म्हणाले, ‘‘साहेब, दुकानाचा परवाना हाती आला की दुसऱ्या दिवशी आम्ही शटर वर करतो. याचाही परवाना आला, मग वर्षभर थांबायचे कशासाठी?’’

व्यापाऱ्याच्या दृष्टीने प्रश्न रास्तच होता. आज आपल्या समाजातील अनेक घरांत पेढीच्या जोडीला पहिला डॉक्टर तयार होत आहे, आणि हाच प्रश्न कमीअधिक फरकाने विचारला जातो.

साडेचार वर्षांच्या अभ्यासक्रमानंतर १२ महिन्यांची सक्तीची आंतरवासिता, म्हणजेच इंटर्नशिप, असते. ती सुरू करता यावी एवढ्यासाठीच राज्याची वैद्यक परिषद तात्पुरती नोंदणी देते. आपल्याकडे हे काम महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे आहे. या नोंदणीवर नव्या पदवीधराला मान्यताप्राप्त रुग्णालयात, वरिष्ठांच्या देखरेखीखालीच रुग्ण तपासता येतो. स्वतंत्र व्यवसाय करता येत नाही. आजारपणाचा दाखला, मृत्यूचा दाखला किंवा पोलीस प्रकरणातील वैद्यकीय कागद त्याला स्वतःच्या सहीने देता येत नाही. शेजाऱ्याने ‘ऑफिसात द्यायला एक दाखला दे’ म्हटले, तर मुलाने नकार देणे हा उद्धटपणा नव्हे. घरच्यांनी त्या वेळी मुलाची बाजू घ्यावी. वर्ष समाधानकारक पूर्ण झाल्याचे प्रमाणपत्र महाविद्यालयाने दिल्यावर कायम नोंदणी होते. ‘कायम’ म्हणायचे एवढेच, तिचेही दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते.

या वर्षासाठी राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नोव्हेंबर २०२१ मध्ये नवी नियमावली लागू केली. तीत सर्वाधिक वेळ, म्हणजे १२ आठवडे, सामुदायिक आरोग्यासाठी राखला आहे. औषधवैद्यक आणि शल्यचिकित्सा यांना प्रत्येकी सहा आठवडे, प्रसूती व स्त्रीरोगाला सात. प्रत्येक विभागातील कामाची नोंद लॉगबुकात ठेवावी लागते, आणि एखाद्या विभागातील काम असमाधानकारक ठरले तर तेवढा काळ पुन्हा करावा लागतो. हे सारे अंतिम परीक्षा उत्तीर्ण झाल्यापासून दोन वर्षांत पूर्ण व्हावे, अशी अट आहे.

आता घरच्यांनी विशेष ध्यानात ठेवण्याची गोष्ट. संपूर्ण वर्षात रजा मिळते ती जास्तीत जास्त १५ दिवस, तीही पूर्वपरवानगीने. आपल्याकडे निकाल लागताच सोयरीक ठरते, लग्नाचा मुहूर्त निघतो. मग हळद, पाठवणी, देवदर्शन आणि प्रवास मिळून महिना सहज जातो. जादा गैरहजेरी झाली की आंतरवासिता तेवढी लांबते. आठ-दहा दिवसांनी काय बिघडते, असे वाटेल. परंतु पदव्युत्तर प्रवेशासाठी आंतरवासिता ठरावीक तारखेपर्यंत पूर्ण झालेली असावी लागते. ती तारीख चार दिवसांनी हुकली, तरी गाठ पुढच्या वर्षाशी. व्याजाचा हिशेब करण्यात माझा जन्म गेला; एवढ्या थोड्या विलंबावर इतके जबर व्याज मी दुसरीकडे पाहिले नाही. पदव्युत्तर परीक्षेच्या शिकवणीसाठी वॉर्डातून पळ काढणाऱ्यांनाही हेच लागू आहे.

परदेशी शिकणाऱ्यांची वाट याहून लांब. नोव्हेंबर २०२१ नंतर तेथे प्रवेश घेतलेल्यांसाठी किमान ५४ महिन्यांचा इंग्रजी माध्यमातील अभ्यासक्रम, त्याच परदेशी संस्थेत १२ महिन्यांची आंतरवासिता आणि त्या देशात व्यवसाय करण्याइतपत नोंदणी, या अटी आहेत. भारतात परतल्यावर ३०० प्रश्नांच्या पात्रता परीक्षेत किमान १५० गुण मिळवावे लागतात. ती उत्तीर्ण होईपर्यंत येथे तात्पुरतीही नोंदणी मिळत नाही, आणि त्यानंतर येथे पुन्हा १२ महिन्यांची आंतरवासिता असते. प्रवेश जुळवून देणारे मध्यस्थ शुल्काचा तक्ता दाखवतात, त्यात हा काळ क्वचितच धरलेला असतो. शैक्षणिक कर्ज घेणाऱ्या पालकांनी म्हणूनच मंजुरीपत्र नीट वाचावे. परतफेडीचा पहिला हप्ता कोणत्या महिन्यात येतो, अभ्यासक्रमाच्या मुदतीत आंतरवासिता मोजली आहे का, हे सही करण्यापूर्वी विचारावे. मुलगा पात्रता परीक्षेची तयारी करत असतानाच हप्ते सुरू झाले आणि पेढीचे खेळते भांडवल तिकडे वळवावे लागले, अशी प्रकरणे माझ्या टेबलावर आली आहेत.

त्या कापड व्यापाऱ्यांचे पुढे काय झाले? गाळ्याचे भाडे दरमहा जात राहिले. दिवाळीच्या सुमारास त्यांनी तेथे मालाचे गठ्ठे ठेवायला सुरुवात केली. वर्ष संपल्यावर मुलगा कायम नोंदणीचे पत्र घेऊन स्वतः शाखेत आला. दवाखान्याचा विषय मीच काढला. तो म्हणाला, ‘‘काका, आरोग्य केंद्रावर असताना एका रात्री बाळंतपणात गुंतागुंत झाली. मॅडम होत्या म्हणून निभावले. एकटा असतो तर काय केले असते, ते अजून आठवते. आधी पुढचे शिकतो.’’ त्याला पदव्युत्तर शिक्षणासाठी कर्ज हवे होते. ते मी मंजूर केले. पाटी मात्र दुकानाच्या माळ्यावर कापडात गुंडाळून ठेवली होती. मुलाच्या पदवीपुढे अक्षरे वाढवायला तीत जागा आहे, असे वडील सांगत.