पाव का फेकला जातो?

अन्नाच्या नासाडीविषयी उपदेश पुष्कळ होतो. कारणांचा शोध क्वचितच घेतला जातो. ‘रॅप’ या संस्थेने २००८ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीसाठी ब्रिटनमधील दोन हजारांहून अधिक कुटुंबांचा कचरा निवडून तपासण्यात आला. टाकलेल्या अन्नात पावाचे प्रमाण मोठे आढळले. याच्या मुळाशी माज नव्हे, तर वेळेत न संपणारी खरेदी होती. पाव शीतकपाटात टिकतो, हा समजही चुकीचाच. तेथील थंडाव्यात पिष्टाची रचना पुन्हा घट्ट होऊन तो लवकर शिळा होतो. पूर्णपणे गोठवल्यास मात्र टिकतो. तेव्हा गृहिणीला बोल लावण्यापूर्वी पुड्याचा आकार आणि साठवणीची रीत तपासावी. नीतिपाठाने जे उमगत नाही, ते कचऱ्याची टोपली सांगते.