घरात शेवटी कोण झोपतं? नमाज, काम आणि विश्रांतीचं वेळापत्रक

घराचं वेळापत्रक करायला बसलं की बहुतेक घरांत कागदावर आधी घड्याळाचे आकडे पडतात. पाचला उठणे, सहाला अभ्यास, दहाला झोप. चार दिवस ते चालतं, मग भिंतीवर नुसता कागद उरतो. आम्ही पाचोडसारख्या बाजाराच्या गावात शिक्षकी करतो. वर्गात सकाळी जांभया देणारी मुलं आणि मुली रोज पाहतो. त्यावरून आमचं म्हणणं असं की, ज्या घरात नमाज आहे, त्या घराला दिवसाचे पाच खुंटे आयते मिळालेले आहेत. दिवस त्यांना बांधावा. आणि त्यात झोपेची जागा घरातल्या प्रत्येकासाठी ठरवावी.

घड्याळ जागेवर, सूर्य सरकता

शाळा-ऑफिसची वेळ वर्षभर तीच राहते, नमाजची बदलते. आपल्या भागात जूनमध्ये फजरची वेळ साडेचारच्या सुमारास सुरू होते आणि पावणेसहाला सूर्य उगवतो. जानेवारीत फजर पावणेसहाच्या पुढे जाते आणि सूर्योदय सातनंतर होतो. म्हणजे रात्री अकराला झोपणाऱ्या घराला हिवाळ्यात सात तास झोप मिळू शकते, पण उन्हाळ्यात जेमतेम सहा. मग एकतर फजर सुटते, नाहीतर दिवसभर डोळे मिटतात. त्यामुळे एकच वेळापत्रक बारा महिने चालत नाही. किमान दोन करावी लागतात, एक उन्हाळ्याचं आणि एक हिवाळ्याचं. उन्हाळ्यातली तूट दुपारच्या कैलुल्याने, म्हणजे वीस-तीस मिनिटांच्या डुलकीने, थोडी भरून निघते.

झोपेचा हिशेबही माहीत असावा. झोपतज्ज्ञांच्या मते ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास, १३ ते १८ वयाला ८ ते १० तास आणि मोठ्यांना किमान ७ तास झोप लागते. मुलांची झोप अपुरी राहते म्हणूनच राज्य सरकारने २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असं सांगितलं. पण शाळा उशिरा भरली आणि मोबाईलही तेवढाच उशिरा बंद झाला, तर हाती काय आलं?

हक्क सगळ्यांचे

सहीह बुखारीत हजरत सलमान फारसी (रजि.) आणि हजरत अबू दरदा (रजि.) यांचा प्रसंग आहे. सलमान (रजि.) घरी आले तेव्हा त्यांना अबू दरदा (रजि.) यांच्या पत्नी अगदी साध्या, दुर्लक्षित अवस्थेत दिसल्या. कारण विचारलं तर कळलं की त्यांचे पती दिवसा रोजा आणि रात्री इबादत यातच असतात. सलमान (रजि.) यांनी मित्राला जेवायला लावलं, रात्री झोपायला लावलं आणि रात्रीच्या शेवटच्या भागात दोघांनी मिळून नमाज पढली. मग समजावलं की रबचा तुमच्यावर हक्क आहे, तसा स्वतःच्या जिवाचा आणि घरच्यांचाही आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सलमान (रजि.) यांचं म्हणणं खरं ठरवलं. लक्षात घ्या, ही गोष्ट घरातल्या बाईची अवस्था पाहून सुरू झाली.

पाच खुंट्यांमधला वेळ

फजरनंतर डोकं ताजं असतं. कुरआनचं वाचन आणि पाठांतराचा अभ्यास तेव्हा करावा. मग जुहरपर्यंत शाळा, शेत, दुकान. जुहरनंतर जेवण आणि जमेल तेव्हा कैलुला. असर ते मगरिब खेळ, बाजारहाट, आणि रात्रीच्या भाजीची तयारी. मगरिब ते इशा सगळ्यांचे मोबाईल एका जागी ठेवून अभ्यास. इशानंतर आवराआवर आणि झोप. इशानंतर विनाकारण गप्पा मारत बसणं प्रेषितांना (स.) आवडत नसे.

वेळापत्रकात न दिसणारं माणूस

आता अडचण पाहा. मगरिब ते इशा हीच भाकऱ्यांची वेळ. भाऊ पुस्तक घेऊन बसतो आणि दहावीतली बहीण चुलीपाशी किंवा गॅसपाशी उभी असते. २०२४ च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत देशात घरकाम करणाऱ्या स्त्रीचे दिवसाला सरासरी २८९ मिनिटं त्यात गेली, पुरुषाची ८८. हजरत आयशा (रजि.) सांगतात की प्रेषित (स.) घरात घरच्यांच्या कामाला लागत आणि नमाजची वेळ झाली की निघत. मग आपल्या मुलाने पाणी भरलं, ताटं उचलली, वडिलांनी अंथरुणं घातली, तर कमीपणा कसला?

हंगामाचंही भान ठेवावं. कपाशी वेचून आलेल्या आई-भाभींना असरनंतरचा अर्धा तास पाठ टेकू द्या; चहा दुसऱ्या कुणीतरी करावा. शेतीची लाइट रात्रीची असेल आणि अब्बा रात्रभर दारं धरून आले असतील, तर फजर पढून त्यांना झोपू द्या. सकाळी दहापर्यंत टीव्ही बंद ठेवा.

वेळापत्रक बरोबर आहे की नाही, हे ओळखायची आमची खूण सोपी आहे. घरात रात्री सर्वात शेवटी झोपणारं आणि सकाळी सर्वात आधी उठणारं माणूस एकच असेल, तर कागदावर काहीही लिहा, समतोल झालेला नाही. ते माणूस बहुतेक घरांत अम्मी असते. आज इशानंतर एकदा बघा, तिच्या हातात अजून कोणतं काम आहे, आणि ते आपण घ्या.

अल्लाह आपल्या घरांत इबादतीची गोडी, कामात बरकत आणि झोपेत सुकून देवो. आमीन.