बेटाचा पाठ : नांदूर मध्यमेश्वर येथील निसर्गसहल

‘चहूबाजूंनी पाण्याने वेढलेला भूभाग म्हणजे बेट’ ही व्याख्या आपल्या तालुक्यातील बहुतेक विद्यार्थी चटकन म्हणून दाखवितात. परंतु बेट प्रत्यक्ष पाहिले आहे काय, असे विचारताच वर्ग स्तब्ध होतो. चांदवडचा प्रदेश पर्जन्यछायेतील. समुद्र येथून दूर. त्यामुळे बेट म्हणजे केवळ नकाशातील ठिपका, अशी मुलांची समजूत होते. ही समजूत दूर करण्याचे साधन आपल्याच जिल्ह्यात आहे. निफाड तालुक्यात, गोदावरी व कादवा यांच्या संगमाशी असलेले नांदूर मध्यमेश्वर हे ते स्थान होय. चांदवडहून लासलगाव, निफाड या मार्गाने तेथे जाऊन एका दिवसात परत येता येते.

येथे भूगोलाचा आणखी एक धागा जुळतो. कर्कवृत्त साडेतेवीस अंशांवर आहे व आपला जिल्हा वीस अंशांच्या आसपास. अर्थात आपण उष्ण कटिबंधात राहतो, आणि नांदूरची बेटे ही उष्ण कटिबंधातील बेटेच आहेत.

ही बेटे निर्माण कशी झाली? विसाव्या शतकाच्या आरंभी कालव्यांना पाणी मिळावे म्हणून या संगमाशी बंधारा बांधण्यात आला. बंधाऱ्यामुळे प्रवाहाची गती मंदावते. वेगवान पाणी माती वाहून नेते. मंद पाणी ती खाली टाकते. वर्षानुवर्षे पुराबरोबर आलेला गाळ तळाशी साचत गेला, ठिकठिकाणी पाण्याबाहेर डोकावू लागला, आणि उथळ पाणी, दलदल व गाळाची बेटे असा प्रदेश तयार झाला. नव्या भूमीवर तृणबीज येते ते पाण्याबरोबर, वाऱ्याबरोबर व पक्ष्यांच्या पोटातून. सन १८८३ मध्ये क्राकाटोआ ज्वालामुखीच्या प्रचंड स्फोटाने तेथील बेट उजाड झाले. पुढे याच वाटांनी तेथे पुन्हा वनश्री अवतरली. जी क्रिया सुदूर सागरात घडली, तिचाच लहानसा नमुना गोदावरीच्या पात्रात पाहावयास मिळतो.

पक्ष्यांना बेट प्रिय का, हे मुलांनाच शोधू द्यावे. सभोवतालचे पाणी हा किल्ल्याचा खंदक होय. कुत्री, मांजरे, कोल्हे यांना तेथे सहजी पोहोचता येत नाही. शिवाय अन्न हाताशी असते. थापट्या बदकाची चोच पळीसारखी रुंद. तिने ते पाणी गाळून अन्न टिपते. दर्वीमुख आपली चमच्यासारखी चोच पाण्यात डावी-उजवीकडे फिरवितो. चित्रबलाक अर्धवट उघडी चोच पाण्यात धरून माशाचा स्पर्श होताच ती मिटतो. प्रत्येकाचे साधन निराळे, म्हणून इतके पक्षी एकाच पाण्यात नांदू शकतात. हळदीकुंकू बदकाची पिवळ्या टोकाची व मुळाशी तांबडे ठिपके असलेली चोच पाहून त्याच्या नावाचा उलगडा मुलांना आपोआप होईल. काळ्या अंगाचा, पांढऱ्या कपाळाचा चांदवा तर चांदवडच्या मुलांना आपल्याच गावचा वाटेल!

हिवाळ्यात येथे दूरचे पाहुणेही येतात. चक्रवाक लडाख, तिबेट व मध्य आशियातून, तर थापट्या व तलवार बदक उत्तर आशियातून येतात. नकाशावर हा मार्ग दोऱ्याने मोजण्यास सांगितल्यास गणित व भूगोल या दोहोंचा अभ्यास होईल. या स्थळास सन १९८६ मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला. इराणमधील रामसर येथे सन १९७१ मध्ये पाणथळ भूमींच्या रक्षणाचा आंतरराष्ट्रीय करार झाला. त्याच्या यादीत सन २०१९ मध्ये समाविष्ट झालेले हे महाराष्ट्रातील पहिले स्थळ होय.

आता शिक्षक बंधु-भगिनींनी विशेष ध्यानात घ्यावयाची गोष्ट. बेट पाहणे म्हणजे बेटावर जाणे नव्हे. अनेक जातींची बदके रात्री चरतात व दिवसा बेटाच्या आश्रयाने विसावतात. एका आरोळीने थवा उठला, तर विश्रांती मोडते व परतीच्या प्रवासासाठी साठविलेली शक्ती व्यर्थ खर्च होते. आपल्याला तो क्षणाचा देखावा वाटतो. पक्ष्याला त्याची किंमत मोजावी लागते. गाळाची भूमी वरून टणक दिसली तरी आत पाय रुततो. म्हणून मुलांच्या सुरक्षिततेसाठीही काठ सोडू नये.

सहल नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात, शक्यतो सकाळी काढावी. दोन फेब्रुवारी हा जागतिक पाणथळ भूमी दिन त्यास विशेष योग्य. आठ-दहा मुलांची तुकडी व प्रत्येक तुकडीस एक शिक्षक असावा. कपडे मातकट वा हिरवट रंगाचे असावेत. दुर्बीण एकच असली तरी पाळीपाळीने सर्वांना द्यावी. प्रारंभी दहा मिनिटे कोणीही न बोलता केवळ पाहावे व ऐकावे. टिपणे नंतर करावीत. खाऊचे कागद व पिशव्या शाळेत परत आणाव्यात.

परत आल्यावर वर्गात एक प्रश्न अवश्य मांडावा. गाळामुळे जलाशयाची साठवण घटते. शेतीला पाणी हवे असते. तोच गाळ पक्ष्यांचा आधार आहे. मग गाळ काढावा की राहू द्यावा? शेतकऱ्याची, मच्छीमाराची व पक्ष्याची बाजू निरनिराळ्या मुलांनी मांडावी. शिक्षकांनी निकाल देण्याची घाई करू नये. मोठ्यांनाही सहज न सुटणारा प्रश्न शांतपणे, दुसऱ्याचे ऐकून घेत विचारात घेणे, हे शिक्षण त्या काठावरील दहा मिनिटांच्या मौनाइतकेच मोलाचे आहे.