वापरलेले अणुइंधन : गैरसमज आणि वस्तुस्थिती

अणुवीजकेंद्रातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक किरणोत्सारी वस्तूला ‘अणुकचरा’ या एकाच नावाने ओळखण्याची सवय रूढ झाल्यामुळे, काही दिवसांत निष्प्रभ होणारे पदार्थ आणि हजारो वर्षे टिकणारे पदार्थ, पुन्हा ऊर्जा देऊ शकणारी मूलद्रव्ये आणि निरुपयोगी अवशेष यांतील फरक चर्चेतून पुसला जातो. त्यातून एकीकडे अवाजवी भीती वाढते, तर दुसरीकडे ‘पुनर्वापर केला की प्रश्न संपला’ ही तितकीच घातक बेफिकिरीही वाढते. पालघर जिल्ह्यातील तारापूर परिसरात अणुवीजकेंद्र आहे, वापरलेल्या इंधनावरील पुनर्प्रक्रिया आहे आणि उरलेल्या कचऱ्याचे काचेत रूपांतर करणारे संयंत्रही आहे. त्यामुळे महाराष्ट्राने तरी हा विषय नेमकेपणाने समजून घेणे अगत्याचे आहे.

गैरसमज १ : वापरलेले इंधन म्हणजे पिंपांत भरलेला, गळणारा द्रव.

वस्तुस्थिती : अणुभट्टीतील इंधन घन असते आणि वापरानंतरही ते घनच राहते. युरेनियम डायऑक्साइडच्या भाजून घट्ट केलेल्या लहान गोळ्या झिर्कोनियमच्या मिश्रधातूच्या नळ्यांत बंद केलेल्या असतात आणि अशा नळ्यांची जुडी अणुभट्टीत घातली जाते. भारतातील बहुसंख्य अणुभट्ट्यांत, म्हणजे दाबाखालील जड पाणी वापरणाऱ्या भट्ट्यांत, ही जुडी सुमारे अर्धा मीटर लांबीची असते. द्रव कचरा निर्माण होतो तो पुढे, पुनर्प्रक्रियेसाठी इंधन आम्लात विरघळवल्यावर, आणि त्या द्रवाचा धोका मात्र काल्पनिक नाही. १९५७ मध्ये सोव्हिएत संघातील मायाक येथे अशा द्रवाच्या टाकीची शीतन यंत्रणा बंद पडून रासायनिक स्फोट झाला आणि विस्तीर्ण प्रदेश दूषित झाला. द्रव कचरा दीर्घकाळ टाक्यांत न ठेवता घनरूपात बंदिस्त करावा, हा आग्रह अशा अनुभवांतूनच दृढ झाला आहे.

गैरसमज २ : साठवलेल्या इंधनाचा अणुबॉम्बसारखा स्फोट होऊ शकतो.

वस्तुस्थिती : अणुबॉम्बसाठी विखंडनक्षम, म्हणजे ज्याचे अणुकेंद्र सहज फुटते अशा द्रव्याचे प्रमाण अतिशय जास्त लागते, वीजकेंद्रांच्या इंधनात ते काही टक्क्यांपलीकडे नसते, आणि म्हणून तसा स्फोट तेथे संभवत नाही. खरा प्रश्न उष्णतेचा आहे. विखंडनाची साखळी थांबल्यानंतरही तयार झालेले किरणोत्सारी पदार्थ ऱ्हास पावताना उष्णता देत राहतात. ही उष्णता भट्टी बंद होताच तिच्या पूर्ण औष्णिक शक्तीच्या सुमारे ६ ते ७ टक्के असते आणि एका दिवसात सुमारे अर्ध्या टक्क्यावर येते. म्हणून इंधन प्रथम काही वर्षे खोल हौदात ठेवतात, जेथे पाणी उष्णता वाहून नेते आणि किरणेही अडवते. पुरेसे निवल्यावर ते पोलाद व काँक्रीटच्या जाड पेट्यांत कोरडे ठेवता येते. हौदातील पाणी टिकवणे किती निर्णायक आहे, हे २०११ मध्ये फुकुशिमा येथे जगाने पाहिले : तेथील चौथ्या भट्टीच्या हौदाविषयी गंभीर चिंता व्यक्त झाली होती, परंतु इंधन पाण्याखालीच राहिल्याचे पुढे स्पष्ट झाले आणि २०१४ अखेर ते सर्व तेथून हलवण्यात आले.

गैरसमज ३ : वापरलेल्या इंधनात कामाचे काही उरत नाही.

वस्तुस्थिती : समृद्ध युरेनियमवर, म्हणजे विखंडनक्षम समस्थानिकाचे प्रमाण वाढवलेल्या युरेनियमवर चालणाऱ्या साध्या पाण्याच्या भट्टीतून निघालेल्या इंधनात साधारणपणे ९५ टक्क्यांहून अधिक युरेनियम, सुमारे १ टक्का प्लुटोनियम आणि उरलेले ३ ते ४ टक्के विखंडनातून तयार झालेले पदार्थ असतात. पुनर्प्रक्रियेत हे इंधन नायट्रिक आम्लात विरघळवून ट्रायब्युटाइल फॉस्फेट या सेंद्रिय द्रावकाच्या साहाय्याने युरेनियम व प्लुटोनियम वेगळे काढतात. भारतात तुर्भे येथील संयंत्राने हे काम १९६० च्या दशकात सुरू केले. होमी भाभा यांनी मांडलेल्या तीन टप्प्यांच्या कार्यक्रमाचा तर हा कणाच आहे, कारण पहिल्या टप्प्यातील प्लुटोनियम मिळाल्याशिवाय दुसऱ्या टप्प्यातील शीघ्र प्रजनक भट्ट्या, ज्या खर्च झालेल्यापेक्षा अधिक इंधन निर्माण करू शकतात, उभ्याच राहू शकत नाहीत.

गैरसमज ४ : पुनर्वापर केला की कचरा उरत नाही.

वस्तुस्थिती : पुनर्प्रक्रिया कचरा नाहीसा करत नाही, त्याची विभागणी करते. विखंडनातून झालेले पदार्थ आणि अमेरिशियमसारखी जड मूलद्रव्ये मागे राहतात, आणि ती उच्च तापमानाला बोरोसिलिकेट काचेत मिसळून पोलादी डब्यांत ओततात. यालाच काचीकरण म्हणतात. काच येथे केवळ आवरण नसते, तर किरणोत्सारी अणू तिच्या रचनेचाच भाग होतात आणि म्हणून पाण्याबरोबर सहज वाहून जात नाहीत. परत मिळालेले युरेनियमही लगेच वापरण्याजोगे असतेच असे नाही : जड पाण्याच्या भट्टीतून आलेल्या युरेनियममध्ये विखंडनक्षम भाग नैसर्गिक युरेनियमपेक्षाही कमी असतो. शिवाय वेगळे काढलेले प्लुटोनियम अण्वस्त्रांसाठी वापरता येते. भारताच्या १९७४ च्या पोखरण चाचणीनंतर ही चिंता तीव्र झाली आणि अमेरिकेने १९७७ मध्ये आपल्याकडील व्यापारी पुनर्प्रक्रिया थांबवली. तारापूरच्या १९६९ मध्ये सुरू झालेल्या पहिल्या दोन भट्ट्यांचे इंधन अनेक दशके साठवणुकीतच राहिले, त्यामागेही अमेरिकेबरोबरच्या १९६३ च्या कराराच्या अटी होत्या. पुनर्वापर हा म्हणूनच केवळ तंत्रज्ञानाचा नव्हे, तर विश्वासाचा आणि देखरेखीचाही विषय आहे.

गैरसमज ५ : हा कचरा लाखो वर्षे सारखाच घातक राहतो.

वस्तुस्थिती : जो पदार्थ तीव्रतेने किरणे फेकतो तो लवकर संपतो, आणि जो दीर्घकाळ टिकतो तो तुलनेने मंद असतो. आयोडीन-१३१ चे अर्धायुष्य, म्हणजे त्यातील निम्मे अणू ऱ्हास पावण्यास लागणारा काळ, ८ दिवस आहे. सीझियम-१३७ चे सुमारे ३० वर्षे, तर प्लुटोनियम-२३९ चे सुमारे २४,१०० वर्षे. यावरून ३०० वर्षांत सीझियम साधारण हजारांश उरते, प्लुटोनियम मात्र जवळपास तेवढेच राहते. हेच सीझियम भारतात कचऱ्यातून वेगळे काढून, काचेच्या कांड्यांच्या रूपात, रुग्णांना द्यावयाच्या रक्तावर किरणांचा मारा करणाऱ्या उपकरणांत वापरले जाते.

गैरसमज ६ : अंतिम विल्हेवाटीचा मार्गच अस्तित्वात नाही.

वस्तुस्थिती : फिनलंडने ओल्किलुओतो येथे भूपृष्ठाखाली ४०० मीटरहून अधिक खोल, प्राचीन खडकात ‘ओंकालो’ हे भांडार उभारले असून, तेथे पुनर्प्रक्रिया न केलेले इंधन तांब्याच्या कुप्यांत घालून भोवती पाणी लागताच फुगणारी बेंटोनाइट माती भरण्याची योजना आहे. निसर्गातही याचा दाखला आहे : गॅबनमधील ओक्लो येथे सुमारे २ अब्ज वर्षांपूर्वी आपोआप चाललेल्या अणुभट्ट्यांचे अवशेष १९७२ मध्ये आढळले, आणि त्यांतील प्लुटोनियमसह अनेक पदार्थ मूळ जागेपासून फारसे हललेले नव्हते. मार्ग आहे, पण तो संथ आणि खर्चिक आहे, आणि स्थानिकांच्या संमतीवाचून तो पुढे सरकत नाही.

वापरलेल्या अणुइंधनाविषयीची कोणतीही भीती किंवा कोणतेही आश्वासन म्हणूनच चार प्रश्नांवर पारखले पाहिजे : त्यात नेमके कोणते पदार्थ आहेत, ते किती काळ टिकतात, कशात बंदिस्त आहेत आणि त्यांच्यावर कोणाची देखरेख आहे. या चारांची उत्तरे मागणे हा या विजेचा लाभ घेणाऱ्यांचा हक्क आहे, आणि ती उत्तरे पुढच्या पिढ्यांसाठी नोंदवून ठेवणे हे त्यांचे कर्तव्यही आहे.