ज्ञानी दित्तसिंग

शिखांच्या गुरुग्रंथसाहेबात आपल्या नामदेवांची पदे आहेत, तशी चांभारकाम करणाऱ्या रविदासांचीही आहेत. पण अस्पृश्य मानलेल्या शिखाने आणलेला कडाप्रसाद अमृतसरच्या हरिमंदिरातले पुजारी घेईनात! असल्याच एका घरात १८५० च्या सुमारास दित्तसिंग जन्मले. पुढे ते लाहोरच्या ओरिएंटल कॉलेजात पंजाबी शिकवू लागले. १८८६ मध्ये निघालेल्या ‘खालसा अखबारा’चे ते संपादक. गुरूंनी जात मोडली, मग तुम्ही ती का पाळता, हा त्यांचा रोखठोक सवाल. चाळिसांहून अधिक पुस्तके लिहून १९०१ मध्ये ते वारले. पुजाऱ्यांनी तो प्रसाद घेतला १९२० च्या ऑक्टोबरात, तोही बरीच हुज्जत होऊन ग्रंथसाहेबाचा कौल घेतल्यावर.