परियटचं पाणी, बर्गीचे मासे

रांझी हे जबलपूरचं कारखान्यांचं उपनगर. खमरियाची ऑर्डनन्स फॅक्टरी, व्हेइकल फॅक्टरी आणि १९०४ पासूनची गन कॅरेज फॅक्टरी यांच्या भोंग्यांवर या भागातली घरं चालत आली. पलीकडे परियट नदी. तिच्यावरचा जलाशय जबलपूरच्या पिण्याच्या पाण्याचा जुना स्रोत आहे आणि नदीत मगरी आहेत. शहराला दूध पुरवणारे म्हशींचे मोठे गोठेही परियट आणि गौर या नद्यांच्या काठी वसले आहेत.

एक मोठं जनावर दिवसाला १५ ते २० किलो शेण टाकतं. दोनशे म्हशींचा गोठा धरला, तर रोजचं तीन-चार टन. शेतात गेलं तर ते सोनं. पण गोठा धुतला की पाण्याबरोबर सगळं नाल्यात उतरतं आणि नाला नदीला मिळतो. शेण कुजवणारे जिवाणू पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकतात, मासे गुदमरतात. पुढे परियट हिरण नदीला मिळते आणि हिरण नर्मदेला.

नदीकाठच्या माणसाला हे रोज दिसतं. तो महापालिकेकडे गेला, तर त्याला प्रदूषण मंडळाकडे पाठवतात, मंडळ जिल्हा प्रशासनाकडे बोट दाखवतं. चार हेलपाट्यांत माणूस थकतो, कारण त्याला रोजगार बुडवून जावं लागतं. स्वयंसेवी संस्थेचं खरं काम इथे सुरू होतं. जबलपूरच्या नागरिक उपभोक्ता मार्गदर्शक मंचाने आणि त्याचे अध्यक्ष डॉ. पी. जी. नाजपांडे यांनी या डेअऱ्यांचा प्रश्न उच्च न्यायालयात आणि राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात नेला. न्यायाधिकरणाच्या २०१० च्या कायद्यानुसार बाधित व्यक्तीबरोबर तिचं प्रतिनिधित्व करणारी संस्थाही दाद मागू शकते. एका याचिकेने नदी स्वच्छ होत नाही, हे खरं. पण तारीख लागली की पाण्याचे नमुने घ्यावे लागतात, अहवाल द्यावा लागतो, अधिकाऱ्याला सही करावी लागते. अधिकारी बदलून जातात, फाइल राहते. रोपं लावून फोटो काढणाऱ्या दहा मोहिमांपेक्षा मला हे काम मोलाचं वाटतं.

बर्गीची गोष्ट याहून अवघड आहे. जबलपूरजवळचं हे धरण १९७४ ते १९९० या काळात झालं. सरकारी अंदाजात १०१ गावं बुडणार होती. प्रत्यक्षात जबलपूर, मंडला आणि सिवनी जिल्ह्यांतल्या १६२ गावांना फटका बसला. जमीन गेलेली कितीतरी माणसं जबलपूरच्या रस्त्यांवर सायकलरिक्षा ओढू लागली.  

बर्गीत मोठं काम केलं ते बुडालेल्यांनी स्वतः उभ्या केलेल्या बर्गी बांध विस्थापित एवं प्रभावित संघाने. राजकुमार सिन्हा यांच्यासारखे कार्यकर्ते त्यात राहिले. संघाची एक मागणी साधी होती: आमची शेतं ज्या पाण्याखाली आहेत, त्या पाण्यातले मासे आमचे. ठेकेदाराच्या मजुरीवर जाळं टाकायचं नाही. १९९४ मध्ये विस्थापितांच्या ५४ सोसायट्यांच्या सहकारी संघाला मासेमारीचा हक्क मिळाला. दुसरी मागणी गाळपेराची. धरण भरतं ४२२.७६ मीटरला. पाणी १५ डिसेंबरपर्यंत ४१८ मीटरवर आणलं, तर काठची जमीन रब्बीसाठी उघडी पडते. आपलंच बुडालेलं शेत काही महिने तरी कसता येतं. धरणाच्या पातळीचा आकडा कास्तकाराने ठरवायला लावावा, ही या देशात लहान गोष्ट नाही.

पुढे काही वर्षांतच मासेमारीचा हक्क संघाकडून गेला. सरकारी निर्णयाने आलेली गोष्ट सरकारी निर्णयानेच गेली. मला याचं वाईट वाटतं, आणि संघटनांनी इथे थांबून विचार करावा असंही वाटतं. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाकडे पाहा. मोहन हिराबाई हिरालाल यांची वृक्षमित्र संस्था आणि देवाजी तोफांचं गाव बरोबर अभ्यास करत राहिले. निर्णय मात्र ग्रामसभेचा. वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने ग्रामसभेच्या हाती आले. हा हक्क कायद्यातून आला, म्हणून तो एखाद्या खात्याच्या मर्जीवर उरला नाही.

त्याच कायद्याच्या कलम ३ मध्ये जंगलातल्या पाणवठ्यांवरच्या माशांचा सामूहिक हक्कही लिहिलेला आहे. बर्गीच्या काठी गोंडांची गावं पुष्कळ आहेत. जलाशयाच्या कोणत्या भागाला हे कलम लागू करता येईल, जुने नकाशे आणि कोणती कागदपत्रं त्यासाठी लागतील, हे ग्रामसभांबरोबर बसून तपासणारी संस्था आज तिथे हवी आहे.