धावणाऱ्याचा रब्बी हंगाम

मुंबई मॅरेथॉन जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते. पुण्याची आणि वसई-विरारची डिसेंबरात. त्यामुळे ठाणे-कल्याण पट्ट्यात स्पर्धेसाठी धावणाऱ्यांचं वर्ष दिवाळीला संपतं आणि दिवाळीलाच सुरू होतं. ऑक्टोबरचा उकाडा ओसरायला लागला की सरावाची जुनी वही चाळायची, पुढच्या बारा आठवड्यांचं वेळापत्रक आखायचं आणि पहाटेच्या हवेत पहिला गारवा कधी जाणवतो याची वाट पाहायची. मी कळव्यात राहते, पंचेचाळिशीपुढच्या महिलांच्या गटात धावते आणि हा हिशेब दर दिवाळीला मांडते. यंदा तो जरा मोठा मांडते आहे. मराठी माणसाचं लांब पल्ल्याचं धावणं शंभर वर्षांहून जुनं आहे, आणि या सगळ्या काळात त्याने उन्हाशी आणि थंडीशी जे नातं जोडलं, त्यातून आजच्या धावणाऱ्याला बरंच शिकता येतं.

थंडी काय देते?

धावताना स्नायू जी ऊर्जा जाळतात, तिचा जेमतेम पाव हिस्सा प्रत्यक्ष पुढे सरकण्याच्या कामी येतो. बाकीची उष्णता होते आणि ती शरीराबाहेर टाकावी लागते. त्यासाठी रक्त त्वचेकडे वळतं, घाम येतो, आणि घाम वाळला तरच अंग निवतं. खाडीकाठच्या दमट हवेत तो वाळत नाही, नुसता ओघळतो. हृदयावर दुहेरी भार येतो: पायांना रक्त पुरवायचं आणि त्वचेलाही. म्हणून मे महिन्यात ज्या पेसला छाती भरून येते, तोच पेस डिसेंबरात सहज निघतो.

पॅरिस, लंडन, बर्लिन, बॉस्टन, शिकागो आणि न्यूयॉर्क या सहा मॅरेथॉनमधल्या २००१ ते २०१० या काळातल्या सुमारे १८ लाख धावपटूंच्या वेळा फ्रेंच संशोधकांनी तपासल्या. हवामानाच्या सगळ्या घटकांत तापमानाचाच परिणाम सर्वांत मोठा निघाला. जलद धावण्यासाठी हवा साधारण १० अंशांच्या आसपास किंवा त्याहूनही गार लागते. २०१९ साली दोहाच्या जागतिक अ‍ॅथलेटिक्स स्पर्धेत महिलांची मॅरेथॉन मध्यरात्री सुरू केली, तरीही ६८ पैकी २८ जणींना ती अर्ध्यावर सोडावी लागली. त्यानंतर काही आठवड्यांतच टोकियो ऑलिंपिकची मॅरेथॉन सुमारे ८०० किलोमीटर उत्तरेला सप्पोरोला हलवण्याचा निर्णय झाला. २०२५ च्या सप्टेंबरात टोकियोच्या जागतिक स्पर्धेतही उकाड्यामुळे मॅरेथॉन अर्धा तास आधी सुरू करावी लागली. सगळं जगच आता धावण्यासाठी गारवा शोधतं आहे.

आपल्या वाट्याला तो किती येतो? सांताक्रूझच्या वेधशाळेत आजवरचं सर्वांत कमी तापमान ७.४ अंश नोंदलं गेलं, ते २२ जानेवारी १९६२ रोजी. एरवी जानेवारीच्या पहाटे पारा सोळा-सतराच्या आसपास रेंगाळतो, आणि तोही डिसेंबरचा मध्य ते फेब्रुवारीची सुरुवात एवढाच काळ. म्हणून हे आठवडे आम्ही जपून वापरतो.

कोरड्या मुलखातले धावपटू

पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धांत अनवाणी धावणारी शेतकऱ्यांची मुलं पाहून दोराबजी टाटांच्या मनात ऑलिंपिकचा विचार आला. १९२० साली अँटवर्पला गेलेल्या छोट्या भारतीय पथकात बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले होते. त्या वर्षीची मॅरेथॉन ४२.७५ किलोमीटरची, म्हणजे नेहमीपेक्षा लांब होती. चौगुल्यांनी ती २ तास ५० मिनिटांत पुरी केली आणि १९वा क्रमांक मिळवला. सदाशिव दातारही त्या शर्यतीत उतरले होते. त्यांना मात्र ती पूर्ण करता आली नाही. दख्खनच्या उन्हात घडलेले पाय युरोपातही टिकतात, हे चौगुल्यांनी तेव्हाच दाखवून दिलं.

पुढची नावं आपल्या पिढीची. माण तालुक्यातल्या मोहीच्या ललिता बाबरने २०१५ साली मुंबई मॅरेथॉनच्या भारतीय महिला गटात सलग तिसरा विजय मिळवला, आणि पुढच्याच वर्षी रिओ ऑलिंपिकच्या ३००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत ती दहावी आली. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याच्या कविता राऊतने २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये कांस्यपदक आणि त्याच वर्षी आशियाई स्पर्धेत रौप्यपदक पटकावलं. तिचा सराव विजेंदर सिंग यांच्याकडे नाशिकला झाला. हिवाळ्यात तिथे पारा दहाच्या खाली जातो आणि उंचीही जवळपास सहाशे मीटर, म्हणजे आमच्यापासून काही तासांवर धावणाऱ्यासाठी निराळंच हवामान.

आणि अविनाश साबळे. बीडच्या आष्टी तालुक्यातलं मांडवा हे त्याचं गाव. लहानपणी शाळेला जाणं-येणं धावत. बारावीनंतर तो महार रेजिमेंटमध्ये भरती झाला आणि पहिल्या काही वर्षांतच सियाचीनच्या हिमनदीवर त्याची नेमणूक झाली, मग राजस्थानच्या वाळवंटात. सैन्यातल्या क्रॉसकंट्रीतून तो स्पर्धेत आला २०१५ मध्ये, म्हणजे बर्फ आणि वाळू दोन्ही पाहून झाल्यावर. २०१८ साली त्याने स्टीपलचेसचा ३७ वर्षं टिकलेला राष्ट्रीय विक्रम मोडला. २०२२ मध्ये बर्मिंगहॅमला राष्ट्रकुल रौप्य जिंकलं. २०२४ च्या जुलैत पॅरिसला ८ मिनिटं ०९.९१ सेकंदांपर्यंत पोहोचला आणि त्याच शहरात ऑलिंपिकची अंतिम फेरी धावला. अर्धमॅरेथॉनमध्ये ६१ मिनिटांच्या आत येणारा पहिला भारतीयही तोच. ती शर्यत दिल्लीच्या नोव्हेंबरातली, २०२० ची. २०२५ च्या मे महिन्यात आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत सुवर्ण जिंकल्यावर जुलैत मोनॅकोच्या शर्यतीत पाण्याच्या अडथळ्यावर तो पडला, गुडघा दुखावला आणि जागतिक स्पर्धा हुकली. तो परत यावा, असं इथल्या प्रत्येक धावणाऱ्याला मनापासून वाटलं.

ओल कुठून येते?

मोही आणि मांडवा ही दोन्ही गावं कमी पावसाच्या, रब्बी ज्वारीच्या मुलखातली. शाळू पेरतात पाऊस सरत आल्यावर. हस्ताच्या पावसाने जमिनीत जी ओल मुरलेली असते, तिच्यावर आणि थंडीवर तो वाढतो. थंडी कितीही चांगली पडली तरी जमिनीत ओल नसेल तर कणीस भरत नाही.

धावणाऱ्याचं अगदी हेच आहे. उष्ण, दमट हवेत दहा-पंधरा दिवस नियमाने सराव केला की रक्तातल्या द्रवाचं, प्लाझ्माचं, प्रमाण वाढतं; घाम लवकर सुटायला लागतो आणि हृदयाचे ठोके त्याच वेगाला कमी पडतात. ही खास उष्णतेची कमाई सराव थांबला की काही आठवड्यांत ओसरते. पण त्या महिन्यांत सावकाश कापलेल्या अंतराने स्नायूंत ज्या सूक्ष्म रक्तवाहिन्या वाढतात, पेशींची ऊर्जा तयार करण्याची जी ताकद वाढते, ती सराव चालू असेपर्यंत टिकते. डिसेंबरातले टेम्पो आणि इंटरव्हल हे वेगाचे सराव या ओलीवरच उभे असतात.

२०२५ मध्ये मुंबईत मोसमी पाऊस २६ मे रोजीच दाखल झाला, नेहमीपेक्षा सोळा दिवस आधी. आमचा चिंब भिजण्याचा काळ तेवढाच लांबला. ओल्या बुटांत, साचलेल्या पाण्याच्या कडेकडेने धावणं कंटाळवाणं असतं. वेळ काढून पाहावी तर निराशाच होते. मात्र १० ऑगस्टला ठाण्याची वर्षा मॅरेथॉन सहा वर्षांच्या खंडानंतर पुन्हा झाली, आणि या शहराला पावसात धावण्याची आपली जुनी ओळख परत मिळाली. ती स्पर्धा थंडीतल्या शर्यतींइतकीच महत्त्वाची आहे, कारण बाकी सगळे दम गाठीला बांधून थांबलेले असतात तेव्हा ती लोकांना रस्त्यावर आणते.

खऱ्या थंडीत

जिथे पारा शून्याच्या खूप खाली जातो, तिथलं धावणं कसं असतं? २० फेब्रुवारी २०२३ रोजी लडाखच्या गोठलेल्या पँगाँग सरोवरावर ७५ जण २१ किलोमीटर धावले. गोठलेल्या सरोवरावरची जगातली सर्वांत उंच अर्धमॅरेथॉन म्हणून तिची गिनीज नोंद झाली. उंची साडेतेरा हजार फुटांहून अधिक, हवेत प्राणवायू समुद्रसपाटीच्या सुमारे ६० टक्के. आयोजकांनी त्या दौडीला ‘लास्ट रन’ म्हटलं होतं: हवामान असंच तापत गेलं तर हा बर्फ उरणार नाही, हा इशारा त्यामागे होता.

डोंबिवली-कल्याणहून टोरांटो, शिकागो, मिनियापोलिसला गेलेली मराठी मुलं-मुली अशा थंडीतला सराव दर हिवाळ्यात करतात. बॉस्टन मॅरेथॉन एप्रिलमध्ये असल्याने तिची सगळी तयारी बर्फातच होते. तिथल्या धावणाऱ्यांचे नियम अनुभवातून ठरलेले आहेत. निघताना वाऱ्याला सामोरं जायचं आणि परतताना वारा पाठीवर घ्यायचा; उलट केलं तर घामाने ओलं झालेलं अंग परतीच्या वाऱ्यात गारठतं. अंगालगत सुती कपडा नको, घाम शोषून बाहेर टाकणारा पातळ थर हवा, वर लोकर आणि सगळ्यात वर वारा अडवणारं जॅकेट. बोटं, कान आणि नाक आधी झाकायचं, कारण थंडीत शरीर रक्त आत ओढून घेतं आणि ही टोकं पहिली बधिर होतात. तोंडावर कापड, म्हणजे कोरड्या गार हवेने श्वासनळ्या आकसत नाहीत. बर्फावर पावलं आखूड. आणि तहान लागली नाही तरी पाणी. थंडीत तहान मंदावते, पण श्वासावाटे आणि घामावाटे पाणी जातच असतं.

या सगळ्यांत मला सर्वांत जवळचा वाटतो तो जपानचा युकी कावाउची. सायतामामधल्या एका सरकारी शाळेत तो कारकून होता, पूर्ण वेळ नोकरी करून धावायचा. १ जानेवारी २०१८ रोजी मॅसॅच्युसेट्समधल्या मार्शफील्डला उणे १७ अंशांच्या आसपास त्याने मॅरेथॉन २ तास १८ मिनिटं ५९ सेकंदांत धावली. त्याच एप्रिलमध्ये बॉस्टनला पाऊस, समोरून वारा आणि तीन-चार अंश तापमान, अशा दिवशी नामवंत धावपटू एकामागून एक बाहेर पडत असताना तो २:१५:५८ वेळेत जिंकला. खराब हवेत तो एकटाच सरावात होता, एवढाच त्या विजयाचा अर्थ. सकाळची लोकल गाठण्याआधी धावणाऱ्या आपल्या सगळ्यांसाठी तो मोलाचा आहे.

कळव्याची पहाट

आमचा हिवाळी सराव पारसिकनगरच्या ९० फुटी रस्त्यावर, खाडीपूल ओलांडून दादोजी कोंडदेव स्टेडियममध्ये, आणि चढासाठी उपवनवरून येऊरकडे असा विभागलेला असतो. थोडी अधिक थंडी हवी असेल तर माथेरान आहे: आठशे मीटर उंची, मोटारींना बंदी, पायाखाली तांबडी माती. उंची वाढते तसं तापमान हजार मीटरला साधारण साडेसहा अंशांनी उतरतं, म्हणजे नेरळहून चढलं की चार-पाच अंश गारवा मिळतो.

खाली मात्र थंडीबरोबर धूरही येतो. रात्री जमीन निवते, तिच्यालगतची हवा गार आणि जड होऊन खाली बसते; वर उबदार थर असल्याने ती पहाटेपर्यंत हलत नाही. मुंब्रा बाह्यवळण आणि नाशिक महामार्गावरच्या ट्रकचा धूर, बांधकामांची धूळ, कुठेतरी पेटवलेला कचरा, हे सगळं त्यात अडकतं. पीएम २.५ या सूक्ष्म कणांसाठी जागतिक आरोग्य संघटनेची चोवीस तासांची मर्यादा घनमीटरला १५ मायक्रोग्रॅम आहे. भारतीय मानक ६०. बसलेला माणूस मिनिटाला सहा-आठ लिटर हवा आत घेतो, वेगात धावणारा त्याच्या दहापट. म्हणून डिसेंबर-जानेवारीत धुरकं दाटलेलं असेल त्या दिवशी इंटरव्हल रद्द करून हलकं धावणं किंवा ऊन वर आल्यावर निघणं हेच शहाणपणाचं.

बायकांसाठी आणखी एक गोष्ट आहे. जानेवारीत इथे सूर्य सव्वासातच्या सुमारास उगवतो. नोकरी आणि घर सांभाळून धावणारी बाई त्याआधी दीड-दोन तास रस्त्यावर असते, म्हणजे पूर्ण अंधारात. नीट दिवे असलेला, पहाटेचे दोन तास गाड्यांना बंद ठेवलेला पाच किलोमीटरचा एक सलग रस्ता कळव्याला मिळाला, तर किती मुली धावायला बाहेर पडतील! सावरपाडा आणि मोहीच्या मुलींना मोकळा माळ होता. आपल्या मुलींना तेवढा रस्ता देणं शहराला जड नाही.

वर्षाचा हिशेब

या दिवाळीला वही भरताना जानेवारीतली वेळ मी शेवटी लिहिते. आधी लिहिते मे ते सप्टेंबरमधले सराव: कुठल्या आठवड्यात खंड पडला, कुठल्या उकाड्यात लाँग रन पुरा झाला, पावसाने किती वेळा परतवलं. यंदाची ती पानं भरलेली आहेत आणि त्यामुळे येत्या हंगामाकडे मी आशेने पाहते आहे. मुंबई मॅरेथॉनच्या वाटेवरच्या पेडर रोडच्या चढावर पाय टिकतील की नाही, हे जूनमध्येच बरंचसं ठरलेलं असतं.

दर डिसेंबरात रस्त्यांवर नवे चेहरे दिसतात, नवे बूट दिसतात, आणि मार्च उजाडला की त्यातले बहुतेक नाहीसे होतात. गारव्यात धावणं सुखाचं असतं, त्या सुखासाठी जरूर बाहेर पडा. पण उन्हाळा लागला म्हणून थांबू नका. वेग कमी करा, अंतर कमी करा, वेळ बदला आणि धावत राहा. पुढच्या थंडीत तुम्ही किती लांब जाल, ते त्याच महिन्यांत ठरणार आहे.